जुनी जमीन, नवं फ्लोअरिंग: बडोद्यातल्या दुकाना-ऑफिसांसाठी पूर्वतयारी

बडोद्यात दुकानाचं किंवा ऑफिसचं फ्लोअरिंग बदलायचं म्हटलं की मालकाच्या डोक्यात मुहूर्त ठरलेला असतो: दिवाळीत शटर पाडायचं आणि लाभपाचमीला नव्या जमिनीवर उघडायचं. हातात चार-पाच दिवस. वरच्या मजल्यावरच्या ऑफिसला हे जमतं. रावपुऱ्यात, दांडिया बाजारात किंवा फतेगंजला तळमजल्यावर गाळा असेल तर सहसा जमत नाही. पावसाळा संपून जेमतेम महिना झालेला असतो, भरावाखालची काळी माती पाणी धरून असते आणि वरचा कोटा दगड मात्र कोरडा ठणठणीत दिसतो. त्यावर विनाइल (प्लास्टिकची पातळ शीट) चिकटवलं की वर्ष फिरायच्या आत सांधे उचलतात, आणि दोष फ्लोअरिंगच्या मालाला दिला जातो.

म्हणून पहिलाच सल्ला वेळेचा. तळमजल्याचं काम एप्रिल-मेमध्ये काढा, वरच्या मजल्यांचं दिवाळीत. दिवाळीतच करायचं असेल तर हेही लक्षात घ्या की त्या दिवसांत हार्डवेअरची दुकानंही लाभपाचमीपर्यंत बंद असतात आणि दाहोद-गोध्राकडचे मजूर गावी गेलेले असतात. प्रायमर, सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड (जमीन सपाट करायला ओततात तो सिमेंटचा माल, म्हणजेच लेव्हलर), डायमंड सेगमेंट (ग्राइंडरला लावायचे घासायचे दाते), टेप, मास्क, सगळं धनतेरसच्या आधी जागेवर हवं, तेही हिशेबापेक्षा दहा टक्के जास्त. मधेच दोन पिशव्या कमी पडल्या तर कुठूनही मिळत नाहीत.

कोणत्याही मोसमात तपासणी मात्र कामाच्या किमान महिनाभर आधी व्हायला हवी. कंत्राटदार दर सांगतो तो चौरस फुटावर, जमीन न ठोकता. तो दर खरा धरू नका.

खाली नेमकं काय आहे

जुन्या बाजारातल्या एकाच गाळ्यात तीन प्रकारच्या जमिनी निघू शकतात: पुढे कोटा, मागे दहा इंची मोझॅक टाइल, आणि मधली भिंत पाडली तिथे सिमेंटच्या कोब्याचा पट्टा. तिघांची तयारी वेगळी. काउंटरमागे, कुणाच्या नजरेत येणार नाही अशा कोपऱ्यात एक फरशी उचलून बघा. दगडाची जाडी किती, खालचा मसाला सिमेंटचा की चुन्याचा, त्याखाली काँक्रीट आहे की नुसता विटांचा तुकडा-भराव, प्लास्टिकचा थर आहे का. चुन्याचा मसाला जुना झाला की नखाने उकरला तरी पावडर सुटते. अशा मसाल्यावरची फरशी वरून कितीही सरळ दिसली तरी त्यावर काही चिकटवण्यात अर्थ नाही, ती काढायचीच.

मग ठोकून बघणं. बारा मिलिमीटरची सळई घ्या आणि एका टोकापासून ओळीने चला, प्रत्येक फरशीचे चार कोपरे आणि मधला भाग. घट्ट बसलेली फरशी टणक वाजते, पोकळ फरशी ढप्प वाजते. पोकळ तिथे खडूने फुली. एका कोपऱ्यावर पाय दाबल्यावर सांध्यातून धूळ उडत असेल तर ती फरशी सुटलेलीच आहे. तुरळक फुल्या असतील तर तेवढ्या फरश्या काढून नव्या मसाल्यात बसवा. पाचातली एक पोकळ असेल, किंवा जिथून मालाच्या ट्रॉल्या जातात नेमक्या तिथे फुल्या असतील, तर सगळी जमीन उखडणं शेवटी स्वस्त पडतं.

स्कर्टिंगकडेही बघा. स्कर्टिंगचा खालचा काठ आणि फरशी यांच्यात फट पडली असेल आणि ती भिंतीच्या मध्यावर रुंद, कोपऱ्यात अरुंद असेल, तर खालचा भराव बसतो आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यात फुटकं ड्रेनेज किंवा गळती पाइपलाइन असेल तर हे जास्त जोरात होतं. अशा जमिनीवर सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड ओतणं म्हणजे पैसे ओतणं. आधी पाण्याची वाट बंद करायची, बसलेला भाग खोदून भराव कुटायचा, काँक्रीट घालायचं, मग पुढचं.

जुन्या बँका आणि सरकारी ऑफिसांमध्ये कधी नऊ किंवा बारा इंची कडक प्लास्टिकच्या टाइल सापडतात. दोन-तीन मिलिमीटर जाड, वाकवली की मोडणाऱ्या, खाली काळं डांबरी गोंद. यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. आपल्याकडे पीव्हीसी-ॲस्बेस्टॉस टाइलसाठी आयएस ३४६१ हे स्वतंत्र मानकच होतं, म्हणजे हा माल राजरोस वापरात होता. अशा टाइल दिसल्या तर ग्राइंडर लावू नका, घासू नका, कोरड्या झाडूनेही झाडू नका. एक तुकडा ओला करून, बंद पिशवीत घालून प्रयोगशाळेत तपासून घ्या. टाइल घट्ट असतील तर न उखडता वरून झाकणं हा सगळ्यात शहाणा मार्ग. काढायच्याच असतील तर ते काम प्रशिक्षित माणसांचं, ओलं ठेवून करायचं.

ओल

बडोद्यातली फ्लोअरिंगची निम्मी भांडणं इथून सुरू होतात. २०१९ मध्ये ३१ जुलैला २४ तासांत सुमारे ५०० मिमी पाऊस पडला, ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी पुन्हा शहरात शिरली. फतेगंज, अकोटा, कारेलीबाग, समा या भागांतल्या किती तळमजल्यांत पाणी उभं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पाणी ओसरल्यावर फरशी दोन दिवसांत सुकते, पण तिच्याखालचा मसाला आणि भराव सुकायला महिने लागतात. नव्या सिमेंटच्या थराचा ढोबळ हिशेब असा की उघडा, हवेशीर ठेवला तर पहिल्या ५० मिमीपर्यंत दिवसाला १ मिमी सुकतो, त्याखाली आणखी हळू. जुना, भिजलेला आणि वरून दगडाने झाकलेला थर याहून खूप जास्त वेळ घेतो.

ओल कशी करते नुकसान? पाणी खालून वर येताना सिमेंटमधला अल्कली सोबत आणतं. पाण्यातली ॲक्रिलिक गोंदं या अल्कलीत साबणासारखी मऊ पडतात. अशा जमिनीवरची शीट कोपऱ्यातून उचलली की गोंद दुधाळ, चिकट, तारा सुटणारं दिसतं आणि आंबूस वास येतो. एकदा हे झालं की वरून रोलर फिरवून, वजन ठेवून काही होत नाही.

साधी चाचणी कुणीही करू शकतो. ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा पारदर्शक, जाड प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवून चारही कडा टेपने पक्क्या बंद करा आणि किमान १६ तास हात लावू नका. कोटा किंवा मोझॅक असेल तर तुकडा फरशीच्या मधोमध लावायचा नाही, चार सांधे मिळतात तिथे लावायचा. दगडातून ओल फारशी येत नाही, सांध्यातून येते. ऊन पडेल अशी जागा टाळा. काढल्यावर प्लास्टिकच्या आत दव किंवा खाली डाग दिसला तर जमीन ओली, यात शंका नाही. पण काही दिसलं नाही म्हणजे कोरडीच, असं नव्हे. मे महिन्याच्या उकाड्यात दव धरतच नाही. ही चाचणी नापास करायला चांगली, पास करायला अपुरी.

विनाइल, एलव्हीटी (लाकूड-दगडासारख्या दिसणाऱ्या विनाइलच्या टाइल), रबर, लॅमिनेट किंवा इपॉक्सी करायचं असेल तर जमिनीच्या पोटातली आर्द्रता मोजून घ्या. ड्रिलने भोक पाडायचं, ब्रश आणि व्हॅक्यूमने साफ करायचं, नळी बसवून तोंड बंद करायचं, २४ तासांनी आत प्रोब घालून आकडा वाचायचा. जमिनीवरच्या काँक्रीटला भोकाची खोली जाडीच्या ४० टक्के: १०० मिमी जाडीला ४० मिमी. वरच्या मजल्याचा स्लॅब दोन्ही बाजूंनी सुकतो, तिथे २० टक्के पुरतात. पहिल्या हजार चौरस फुटांत तीन भोकं, पुढच्या दर हजाराला एक. एसी आणि दिवे मोजणीच्या ४८ तास आधीपासून रोजच्यासारखे चालू हवेत, नाहीतर आकडा वेगळाच येतो. दगडी जमिनीत सांध्यातून खाली काँक्रीटपर्यंत जायचं. ७५ टक्क्यांपर्यंत आकडा असेल तर बहुतेक गोंदं चालतात. आकडा त्याहून जास्त असेल तर गोंदाच्या कंपनीचं लेखी पत्रक बघा, काही ८५ आणि त्याहून जास्तही चालवतात. दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

आकडा जास्त आला तर लगेच कोटिंगकडे धावायचं नाही. एकच कोपरा ओला आहे का? भिंतीपलीकडे शेजाऱ्याचं बाथरूम आहे का, एसीचा ड्रेन पाइप फरशीखालून गेला आहे का, वॉटर कूलर कुठे होता? गळती असेल तर ती बंद करून पुन्हा मोजा. सगळीकडे सारखी ओल असेल तर ती जमिनीतूनच येते आहे. मग दोन रस्ते. एक, दगड काढून, काँक्रीट घासून दोन हातांचं इपॉक्सीचं ओलरोधक कोटिंग, दुसरा हात पहिल्याला काटकोनात, मिळून साधारण चौरस मीटरला अर्धा किलो, आणि दुसरा हात ओला असतानाच त्यावर कोरडी क्वार्ट्झ वाळू. टाचणीएवढी भोकं राहिली तरी ओल तिथूनच वर येते, म्हणून टॉर्च आडवा धरून तपासणी. हे कोटिंग डांबरावर किंवा जुन्या गोंदावर कधीच नाही. दुसरा रस्ता जास्त सोपा: आच्छादनच बदला. ज्या गाळ्यात पुराचं पाणी एकदा शिरलं आहे तिथे विनाइल आणि लॅमिनेटचा विचार सोडून सिमेंटच्या ॲडेसिव्हवर व्हिट्रिफाइड टाइल बसवा. मालकाला लाकडी रंगाचं फ्लोअरिंग हवंच असेल तर लाकडी रंगाची टाइल मिळते.

पांढरा, मिठासारखा क्षार सांध्यांतून फुटला असेल तर तो कोरड्या ब्रशने काढा. पाण्याने धुतला तर विरघळून परत आत जातो.

उखडणं आणि घासणं

जुनं कार्पेट किंवा विनाइल निघाल्यावर खाली सिंथेटिक रबरच्या सोल्युशनचा पिवळा-तपकिरी थर राहतो. बरेच लोक तो तसाच ठेवून वर नवी शीट टाकतात. रबर आणि डांबर दोन्ही विनाइलमधल्या नरम करणाऱ्या तेलाशी झगडतात. काही महिन्यांत शीटवर पिवळे ढग उमटतात आणि ते पुसून जात नाहीत. हा थर ग्राइंडरनेच काढा. थिनर टाकला तर गोंद पातळ होऊन काँक्रीटच्या छिद्रांत उतरतो, आणि बंद गाळ्यात थिनरच्या वाफांना एक ठिणगी पुरते.

दुसरा लपलेला शत्रू पीओपी, म्हणजे जिप्समचं प्लास्टर ऑफ पॅरिस. इंटिरिअरचं काम चालू असताना फॉल्स सीलिंगवाले जमिनीवरच पीओपी कालवतात, रंगवाले पुट्टी सांडतात. तो पांढरा थर घट्ट वाटतो, पण ताकद काही नाही. त्यावर सिमेंटचा लेव्हलर गेला आणि ओल लागली की जिप्सम आणि सिमेंट मिळून फुगणारे स्फटिक तयार होतात आणि लेव्हलर पापुद्र्यासारखा सुटतो. पत्रा मारून सगळं खरवडून काढा. त्याहून बरं म्हणजे क्रम बदला: सीलिंग, वायरिंग, रंगाचा शेवटचा एक हात सोडून सगळं आधी, जमीन नंतर.

कोटा आणि मोझॅकला वर्षानुवर्षं ऑक्झॅलिक ॲसिड, मेण, घासलेट आणि फिनाइलचे पोछे बसलेले असतात. पाण्याचा एक थेंब टाका. मिनिटभरात मुरला नाही, मोत्यासारखा उभा राहिला, तर पृष्ठभाग बंद आहे. आधी गरम पाणी आणि चरबी काढणारं डिटर्जंट, घासून, दोनदा साफ पाण्याने. मग डायमंड सेगमेंट लावलेलं ग्राइंडर, १६ ते ३० नंबरचं. पॉलिश जाऊन दगड मॅट, राखाडी दिसला पाहिजे. मोझॅक पॉलिश करणाऱ्याचं पाण्याचं मशीन चालतं, पण त्याचा चिखल जमिनीवर सुकू दिला तर तोच नवा कमकुवत थर होतो. लगेच वायपरने ओढून, धुऊन काढा. तेजाब टाकून दगड खडबडीत करायची सवय आपल्याकडे फार आहे. करू नका. क्षार आत राहतात, चुनखडीचा दगड वरून भुसभुशीत होतो, आणि शोरूममधल्या स्टीलच्या फिटिंगांना आठवड्यात गंज चढतो.

कोरडं घासताना व्हॅक्यूम जोडलेलं मशीन आणि किमान एन-९५ मास्क. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. तोंडाला रुमाल बांधलेला कडिया (गवंडी) तुम्हाला प्रत्येक साइटवर दिसेल, त्याचा उपयोग शून्य. शेजारचे गाळे चालू असतील तर शटर प्लास्टिकने बंद करा आणि एसीच्या ग्रिल झाका, नाहीतर डक्टमध्ये बसलेली धूळ नव्या फ्लोअरिंगवर महिनाभर पडत राहील. मोठं ग्राइंडर थ्री फेजवर चालतं; तुमच्या मीटरवर तेवढा लोड आहे का ते आदल्या रात्री नाही, आदल्या आठवड्यात बघा.

भेगा आणि सांधे

भेग जिवंत आहे की मेलेली, हे कळल्याशिवाय भरायची नाही. भेगेवर पीओपीचा छोटा पट्टा लावा, तारीख लिहा. तीन-चार आठवड्यांत पट्टा तडकला तर हालचाल चालू आहे. मेलेली भेग ग्राइंडरने व्ही आकारात उघडून, व्हॅक्यूम करून पातळ इपॉक्सीने भरा. लांब भेग असेल तर दर २० ते ३० सेंटिमीटरवर तिला आडव्या खाचा पाडून त्यात सळईचे तुकडे इपॉक्सीत बसवा, वर वाळू भुरभुरा. जिवंत भेग आणि इमारतीचा एक्स्पान्शन सांधा कधीही झाकायचा नाही. तो वरच्या थरापर्यंत तसाच आणायचा आणि धातूच्या पट्टीने संपवायचा. ऑफिसांत फ्लोअर बॉक्स काढल्यावर राहिलेल्या वायरिंगच्या खाचा नुसत्या वाळूच्या मालाने भरलेल्या असतात. त्या खोदून पक्क्या रिपेअर मॉर्टरने भरा.

पातळी आणि लेव्हलर

दोन मीटरची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी जमिनीवर सगळ्या दिशांनी फिरवा. विनाइल आणि एलव्हीटीसाठी पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट नको. कार्पेट टाइलला ५ चालते. पट्टी सपाटी सांगते, उतार सांगत नाही. त्यासाठी लेझर लावा आणि दीड मीटरच्या जाळीवर प्रत्येक बिंदूचं माप खडूने जमिनीवरच लिहा. सगळ्यात उंच बिंदू कुठला, दारापाशी काय होतं, लिफ्टच्या उंबऱ्याशी काय होतं, हे एका नजरेत कळतं. कधीकधी एक उंचवटा ४ मिमी घासून काढला की दहा पिशव्या वाचतात. हे गणित ओतण्याआधी करा.

मालाचा हिशेब: बहुतेक लेव्हलरला एक चौरस मीटरवर १ मिमी जाडीला साधारण १.६ किलो लागतो. हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. सरासरी जाडी ४ मिमी धरली तर ९३ × ४ × १.६, म्हणजे ५९५ किलो. २५ किलोच्या २४ पिशव्या, दहा टक्के जास्तीच्या धरून २७. सरासरी जाडी जाळीवरच्या आकड्यांवरून काढा, अंदाजाने नाही. जुन्या टाइलच्या सांध्यांवर किमान ३ मिमी थर हवाच. त्याहून कमी केला तर दोन मिमीच्या विनाइलमधून खालच्या सांध्यांची चौकट दिसते, विशेषतः काचेच्या दर्शनी भागातून आडवा उजेड येतो तिथे. १० मिमीपेक्षा खोल खड्डे आदल्या दिवशी वेगळे भरून घ्या.

पांढरं सिमेंट आणि भिंतीची पुट्टी कालवून जमीन सरळ करून देतो म्हणणारा प्रत्येक बाजारात असतो. भिंतीच्या पुट्टीवर कुणी चालत नाही. ऑफिसच्या चाकाच्या खुर्चीखाली ती महिनाभरात पीठ होते, आणि शीटवर हात फिरवला की खाली रवाळ लागतं.

प्रायमर जमिनीप्रमाणे निवडा. थेंब मुरतो अशा कोब्यावर किंवा काँक्रीटवर ॲक्रिलिक प्रायमर, कंपनी सांगेल तेवढं पाणी घालून, चौरस मीटरला १०० ते १५० ग्रॅम. डबकी राहू द्यायची नाहीत. थेंब मुरत नाही अशा दगडावर किंवा ग्लेझ्ड टाइलवर खडा असलेलं खास प्रायमर किंवा इपॉक्सी, आणि इपॉक्सीवर वाळू इतकी की खालचा चकाकता भाग दिसायचा बंद होईल. सुकल्यावर सुटी वाळू झाडून, व्हॅक्यूम करून काढा. प्रायमर न लावता लेव्हलर ओतला तर खालची जमीन त्याचं पाणी शोषून घेते. वर बारीक छिद्रं आणि नकाशासारख्या भेगा पडतात.

एक चाचणी कुणी करत नाही आणि सगळ्यांनी करावी. कोपऱ्यात एक चौरस फूट प्रायमर लावून त्यावर ३ मिमी लेव्हलर ओता, दोन दिवसांनी छिन्नी-हातोडीने काढा. तुकड्याच्या पाठीला दगडाचे किंवा सिमेंटचे कण चिकटून आले तर पकड चांगली. पाठ गुळगुळीत, प्रायमरची चकचकीत त्वचा दिसत निघाली, तर घासणं अपुरं आहे किंवा मेण राहिलं आहे. सगळा हॉल सुटण्यापेक्षा एक फूट सुटलेला परवडतो.

ओतायच्या दिवशी पंखे, एसी बंद, उन्हाच्या काचा झाकलेल्या. मे महिन्यात दुपारी ४० अंशांच्या पुढे कंपाउंड बादलीतच धरायला लागतं. ओतणं रात्री दहानंतर किंवा पहाटे. पिशव्या आदल्या दिवसापासून सावलीत, पाणी माठासारखं गार. बोअरचं खारं पाणी नको, पिण्याचं वापरा. पाण्याचं माप बादलीवर खूण करून, प्रत्येक पिशवीला तेवढंच. ते पिशवीवर छापलेलं असतं. जरा पातळ केलं की छान पसरतं, पण वर पांढरी साय येते आणि ती पुढे गोंदासकट निघते.

हजार चौरस फुटांना पाच माणसं हवीत. दोघं दोन ड्रममध्ये आळीपाळीने कालवणारे, एक वाहून नेणारा, एक दाताळी पट्टीने पसरवणारा, एक काटेरी बूट घालून काटेरी रोलर फिरवणारा. मिक्सर सावकाश फिरणारा, मिनिटाला ४०० ते ६०० फेरे. जोरात फिरला तर हवा शिरते. पिशवी पाण्यात ओतायची, पाणी पिशवीत नाही. पहिली पिशवी पडल्यावर दुसरी तिच्या ओल्या काठाला पाच-सात मिनिटांत मिळाली पाहिजे. मधे कुणी चहाला गेला की तिथे कायमची कड पडते. हॉल मोठा असेल तर फोमची पट्टी लावून त्याचे पट्टे पाडा आणि एकेक पट्टा संपवा. भिंती आणि खांबांभोवतीही ५ मिमी फोमची पट्टी आधीच लावलेली हवी, नाहीतर खांबाच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते.

तीन-चार तासांत त्यावर चालता येतं. म्हणून त्यावर फ्लोअरिंग चिकटवता येतं असं नाही: ३ मिमी थराला साधारण एक दिवस, जाड थराला जास्त, आणि आर्द्र हवेत आणखी. रंग सगळीकडे सारखा फिकट झाला पाहिजे. गडद बेटं दिसत असतील तर थांबा.

वरच्या मजल्यांवर आणि जुन्या इमारतींत

मांडवीच्या बाजूच्या जुन्या लाकडी तुळयांच्या इमारतींत वजनाचा हिशेब आधी. १० मिमी व्हिट्रिफाइड टाइल आणि तिचं ॲडेसिव्ह मिळून चौरस मीटरला सुमारे ३० किलो भर पडते. इंजिनियरने तुळया बघितल्याशिवाय टाइल नको. फळ्या डुलत असतील तर आधी त्या स्क्रूने आवळून घ्या, मग जलरोधक प्लाय, सांधे एकमेकांच्या ओळीत न येऊ देता, कडेला दर १५ सेंटिमीटरवर स्क्रू, डोकी आत बुडवलेली. त्यावर कार्पेट टाइल किंवा विनाइल हे हलकं आच्छादन बरं.

जुन्या घट्ट टाइलवर नवी टाइल बसवायची असेल तर ग्लेझ घासा आणि आयएस १५४७७ प्रमाणे टाइप ३ किंवा त्यावरचं ॲडेसिव्ह घ्या. सिमेंटची पेस्ट त्यावर धरत नाही. जमीन १५ मिमी तरी वर येईल. काचेचे दरवाजे, फ्लोअर स्प्रिंग, शटरचा गाइड, बाथरूमची जाळी, लिफ्ट, सगळ्यांची उंची आधी मोजा. काचेचा दरवाजा रंध्याने कापता येत नाही. बाहेरच्या पायरीशी उंबरा १२ मिमीच्या वर जात असेल तर तिथे उतरती पट्टी द्या, व्हीलचेअर आणि ट्रॉली दोन्ही अडतात.

शीट पसरण्याआधी

बारीक कागदाने हलकं घासून, व्हॅक्यूम करून टॉर्च जमिनीला आडवा धरा. वाळूचा एक दाणा विनाइलखाली फोडासारखा दिसतो आणि खुर्चीचं चाक तिथूनच भोक पाडतं. हात फिरवल्यावर पांढरी भुकटी लागत असेल तर वरची साय अजून आहे, पुन्हा घासा. आर्द्रतेचा आकडा शेवटचा एकदा वाचून, तारखेसह लिहून, मालक आणि कंत्राटदार दोघांची सही घ्या. त्याच कागदावर प्रायमर, लेव्हलर आणि गोंदाच्या पिशव्यांचे बॅच नंबर उतरवा. माल एकाच कंपनीचा असेल तर तक्रारीच्या वेळी एकमेकांकडे बोट दाखवायला जागा राहत नाही.

तयार झालेल्या लेव्हलरवर रंगवाले शिडी घेऊन येणारच. तेव्हा प्लास्टिक अंथरू नका, खाली ओल कोंडते. हार्डबोर्डच्या शीट टाका आणि शिडीच्या पायांना फडकं बांधायला लावा. त्या शीटवर पीओपी कालवायचं नाही हे सीलिंगवाल्याला पुन्हा एकदा सांगून ठेवा.